अडलेल्या पायरीपाशी

लातूर आणि नांदेड या दोन शहरांत मार्गदर्शन ही आज विकत मिळणारी वस्तू झाली आहे. तिची फी ठरते, तिच्या बॅचेस पडतात, तिच्या जोरावर खोल्या भाड्याने जातात, मेस चालतात, झेरॉक्सची दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी राहतात, आणि दहावीचा निकाल लागला की परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, यवतमाळ अशा जिल्ह्यांतून आईवडील मुलांना घेऊन लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगर-बाबानगर भागात उतरतात. ज्या गावांच्या चौकांतल्या फलकांवर पुढाऱ्यांच्या बरोबरीने गुणवंत विद्यार्थ्यांचे चेहरे झळकतात, तिथे शिकवण्याची हौस कमी आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही या साऱ्या उलाढालीत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही, तो असा की माणसाच्या अंगी असलेली रोजच्या जगण्यातील कल्पकता, म्हणजे नेहमीचे काम आपल्या पद्धतीने, थोडे वेगळे आणि अधिक नेमके करण्याची शक्ती, दुसऱ्या माणसाच्या मदतीने जागी करता येते का, आणि येत असेल तर त्या दुसऱ्या माणसाने नेमके काय करायचे असते.

सर्जनशीलतेचा विचार दीर्घकाळ प्रतिभावंतांपुरता मर्यादित राहिला. कवी, चित्रकार, शास्त्रज्ञ यांच्याकडे ती असते आणि बाकीच्यांनी तिचे कौतुक करायचे असते, अशी एक समजूत शाळेतच पक्की होते. मानसशास्त्राने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समजुतीला हळूहळू छेद दिला. इंग्रज बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात सर्जनशीलतेचे मूळ कलाकृतीत न शोधता जगाकडे पाहण्याच्या रोजच्या वृत्तीत शोधले, तर जेम्स कॉफमन आणि रोनाल्ड बेगेटो या अमेरिकन अभ्यासकांनी २००९ मध्ये सर्जनशीलतेच्या चार पातळ्या मांडल्या. त्यांपैकी सर्वांत वरची पातळी इतिहासात नोंद होईल अशा थोर निर्मितीची, तिच्या खालची व्यावसायिक कौशल्याची, तिसरी रोजच्या व्यवहारातील कल्पकतेची, आणि सर्वांत खालची, पण मार्गदर्शनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, पातळी शिकणाऱ्याला स्वतःपुरत्या झालेल्या नव्या उमजेची. ही उमज जगाला नवी नसते, पुष्कळदा ती चुकीचीही असते. पण ती त्या माणसाने स्वतः घडवलेली असते, आणि वरच्या तिन्ही पातळ्या तिच्यावरच उभ्या राहतात.

मार्गदर्शन म्हणजे काय, याचाही येथे थोडा खुलासा हवा. शिकवणे म्हणजे जे आपल्याला ठाऊक आहे ते दुसऱ्याला देणे, समुपदेशन म्हणजे मनाची अडचण ऐकून ती सुसह्य करणे, आणि या दोहोंहून वेगळी अशी तिसरी क्रिया म्हणजे शिकणारा करत असलेल्या कामाकडे त्याच्याबरोबर पाहणे. टिमथी गॅलवे यांनी १९७४ मध्ये टेनिसच्या खेळाविषयी लिहिताना असे निरीक्षण मांडले की खेळाडूला सूचनांचा भडिमार केला की त्याचा हात आखडतो, आणि केवळ चेंडू नीट पाहायला सांगितले की फटका पुष्कळदा आपोआप सुधारतो. त्याच धाग्यावरून जॉन व्हिटमोर यांनी १९९२ मध्ये उद्योगक्षेत्रासाठी ही पद्धत मांडली: ध्येय काय, सद्यःस्थिती काय, पर्याय कोणते आणि आता करणार काय, हे विचारायचे, उत्तर आपण द्यायचे नाही. पुढे या चार प्रश्नांचा मोठा व्यवसाय झाला, पंचतारांकित हॉटेलांत त्याच्या कार्यशाळा भरू लागल्या, आणि ज्याला समोरच्या कामातले काही कळत नाही असा माणूसही केवळ प्रश्न विचारण्याच्या बळावर मार्गदर्शक म्हणवून घेऊ लागला. वस्तुतः न सांगण्याला किंमत येते ती सांगता येण्यासारखे काही जवळ असले तरच, आणि ज्याच्या जवळ काही नाही त्याच्या मौनाला संयम म्हणता येत नाही.

या दृष्टीने लातूर पॅटर्नकडे, म्हणजे परीक्षेच्या तयारीच्या लातूरच्या पद्धतीकडे, पाहिले पाहिजे, आणि न्यायाने पाहिले पाहिजे. पुण्यामुंबईच्या शिक्षणप्रेमींमध्ये या पद्धतीला घोकंपट्टी म्हणून नाक मुरडण्याची रीत आहे, पण तिच्या मागचा इतिहास त्यांच्या लक्षात नसतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले, मराठी शाळा मोजक्या होत्या, आणि हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या किंवा अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयासारख्या संस्था चालवणे हे स्वामी रामानंद तीर्थांच्या पिढीसाठी शिक्षणकार्याइतकेच राजकीय कार्य होते. लातूर जिल्हा तर १९८२ मध्ये उस्मानाबादपासून वेगळा झालेला. अशा भागातील मुलगा राज्याच्या गुणवत्ता यादीत येऊ शकतो हे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून लातूरच्या महाविद्यालयांनी, विशेषतः १९७० मध्ये स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने, दाखवून दिले. त्याचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्यानंतरचे प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांची नावे या पद्धतीशी जोडली जातात. स्वतः वाघमारे हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक, पुढे १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. तेव्हा हा पॅटर्न केवळ गुणांच्या लोभातून निघाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. मागे राहिलेल्या समाजाला स्पर्धेत उतरवण्याचा तो एक विचारपूर्वक केलेला उपाय होता.

त्याची रचना साधी होती. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, उरलेले महिने सरावाला ठेवायचे, प्रश्नसंच सोडवून घ्यायचे, चाचणी परीक्षा पुन्हा पुन्हा घ्यायच्या, आणि उत्तरपत्रिका बोर्डाच्या काटेकोरपणाने तपासून विद्यार्थ्याला त्याचे गुण कुठे गेले ते दाखवायचे. या शेवटच्या गोष्टीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे, कारण तपासलेली उत्तरपत्रिका समोर ठेवून प्राध्यापक आणि विद्यार्थी एकत्र बसतात तेव्हा ते, नाव काहीही असो, मार्गदर्शनच करत असतात. पुढे मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली, वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर एकच परीक्षा आली, उत्तरपत्रिकेची जागा ओएमआर शीटने घेतली आणि महाविद्यालयाची जागा खासगी क्लासेसनी. नीट परीक्षेत २०२५ मध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न होते, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकल्यास १ गुण वजा. प्रश्नामागे एक मिनिट ज्या परीक्षेत मिळते, तिच्या तयारीत विद्यार्थी उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने गेला हे पाहायला सवड उरत नाही. काळा केलेला गोल बरोबर की चूक एवढेच यंत्राला दिसते, आणि हळूहळू शिक्षकालाही तेवढेच दिसू लागते.

बक्षिसाच्या ओढीचा परिणामही लक्षात घेण्यासारखा आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रे काढायची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांचे गट केले होते. ज्यांना चित्राबद्दल बक्षीस मिळेल असे आधीच सांगितले होते ती मुले पुढे मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली, तर अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड तशी घटली नाही. आधीपासून आवडणाऱ्या कामालाच बाहेरची अट घातली की ते काम त्या अटीचे होऊन जाते, असा याचा अर्थ सामान्यतः लावला जातो. त्यावरून परीक्षा नकोतच असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे आहे. ज्या घरात डॉक्टर होणारा पहिला मुलगा साऱ्या कुटुंबाची दशा पालटणार आहे, तिथे बाहेरची अट ही चैन नसते.

नांदेडमध्ये मात्र मार्गदर्शनाची एक वेगळी रीत पाहायला मिळाली, आणि तिचे ठळक उदाहरण म्हणजे नरहर कुरुंदकर. १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर येथे जन्मलेले कुरुंदकर हैदराबादला शिकले. उस्मानिया विद्यापीठातील मराठीचे प्राध्यापक डॉ. ना. गो. नांदापूरकर हे त्यांचे मामा. भाच्याचे वाचन अफाट, पण इंटरच्या परीक्षेत मात्र तो पुन्हा पुन्हा अनुत्तीर्ण होत राहिला. आजच्या लातूर-नांदेडच्या भाषेत त्याला रिपीटर बॅचमध्ये बसवले असते, आणि कदाचित तो उत्तीर्णही झाला असता. प्रत्यक्षात कुरुंदकर नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले, पदव्या त्यांनी उशिरा मिळवल्या, मग पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक आणि अखेरीस तेथील प्राचार्य झाले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांना पन्नासही पूर्ण झाली नव्हती. समीक्षा, इतिहास, राजकारण, संगीत, मनुस्मृती, नाट्यशास्त्र अशा विषयांवर त्यांनी लिहिले हे सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या ग्रंथांपेक्षा, इतरांच्या अपुऱ्या कामाशी त्यांचे जे नाते होते ते अधिक महत्त्वाचे ठरते.

त्या नात्याचा छापील पुरावा उपलब्ध आहे. रणजित देसाई यांची 'श्रीमान योगी' ही कादंबरी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्या आरंभी प्रस्तावना म्हणून कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेले एक दीर्घ पत्र छापलेले आहे. प्रस्तावना बहुधा शिफारशीसाठी लिहिली जाते. ही तशी नाही. शिवाजी महाराजांवर लिहू इच्छिणाऱ्या लेखकापुढे कोणत्या अडचणी आहेत, उपलब्ध साधनांपैकी कशावर किती विसंबता येईल, सर्वपरिचित साहसाचे प्रसंग सांगून झाल्यावरही न उलगडणारे असे काय उरते, राजाच्या मृत्यूनंतर त्याचे राज्य मोडून पडायला हवे होते ते न पडता प्रजा वर्षानुवर्षे लढत का राहिली, हे प्रश्न तिथे एकामागून एक मांडले जातात. त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांवर कुरुंदकरांची स्वतःची ठाम मते आहेत, ती ते लपवतही नाहीत. परंतु ही कादंबरी अशी लिहा असे ते देसाईंना सांगत नाहीत. ते त्यांच्यापुढे अडचण अधिक मोठी करून ठेवतात. विशेष म्हणजे देसाईंनी कुरुंदकरांच्या सर्व प्रश्नांना आपल्या कादंबरीत उत्तरे दिली नाहीत, आपल्या प्रकृतीला रुचेल तो शिवाजी त्यांनी रंगवला, आणि तरीही ते पत्र अभिमानाने पुस्तकाच्या आरंभी छापले. ज्या वाचकाला पत्र वाचून कादंबरी अपुरी वाटते आणि ज्याला कादंबरी वाचून पत्र कोरडे वाटते, त्या दोघांनाही हे पुस्तक एकाच बांधणीत मिळते. मार्गदर्शक आणि निर्माता यांच्यातील अंतर इतक्या उघडपणे वाचकापुढे ठेवल्याची उदाहरणे मराठीत फार नाहीत.

येथे कुरुंदकरांविषयी एक शंकाही नोंदवली पाहिजे. ते पत्रलेखक होते त्याहून कितीतरी अधिक वक्ते होते, आणि त्यांची व्याख्याने इतकी बांधेसूद, इतकी निर्णायक असत की श्रोता पुष्कळदा उत्तर घेऊन घरी जाई, आणि उत्तर मिळाल्यावर प्रश्न आपला राहत नाही. प्रतिपक्षाची बाजू तिच्या सर्वांत बळकट रूपात मांडून मग तिचे खंडन करण्याची त्यांची हातोटी ऐकणाऱ्याला दिपवून टाकणारी होती, आणि दिपलेला माणूस स्वतः काही करून पाहायला धजत नाही. म्हणूनच व्याख्यानातील कुरुंदकर आणि पत्रातील कुरुंदकर यांत फरक करायला हवा. पत्र एका माणसाला, त्याच्या एका कामाविषयी, ते काम पुढे त्यालाच करायचे आहे हे जाणून लिहिलेले असते. तिथे लिहिणाऱ्याच्या विद्वत्तेला आपोआप लगाम बसतो. पुढे नांदेडमध्येच वास्तव्य असलेले शेषराव मोरे कुरुंदकरांना गुरुस्थानी मानत आले, पण सावरकरांच्या मूल्यमापनात त्यांनी कुरुंदकरांपासून अगदी वेगळी वाट धरली. गुरूच्या मुख्य निष्कर्षाशी असहमत होऊनही शिष्यत्व टिकते, याचा अर्थ शिष्याला निष्कर्षांहून अधिक काही मिळालेले असते. पुरावा कसा तपासावा, आपल्याला सोयीचे नसलेले कागदही टेबलावर कसे ठेवावेत, ही सवय मिळाली की ती कुठल्याही बाजूने वापरता येते.

लातूर जिल्ह्याने याच रीतीचे दुसरे उदाहरण तालमीत दाखवले. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, १९७२ मध्ये ते रुस्तुम-ए-हिंद झाले, आणि नंतर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मल्ल घडवले. त्यांच्याच परंपरेतील लातूरचे काका पवार यांना अर्जुन पुरस्कार मिळाला व त्यांनीही पुण्यात कुस्ती संकुल उभारले. पाटोद्याचा राहुल आवारे आधी बिराजदारांकडे व नंतर काका पवारांकडे शिकून २०१८ मध्ये राष्ट्रकुल सुवर्णपदकापर्यंत आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेच्या कांस्यपदकापर्यंत पोहोचला. कुस्तीत ढाक, कलाजंग, एकलंगी, घिस्सा असे डाव ठरलेले आहेत, त्यांच्या तोडीही ठरलेल्या आहेत, तरीही एकाच वस्तादाच्या हाताखालचे दोन मल्ल सारखे लढत नाहीत, कारण एकाची कंबर लवचीक असते, दुसऱ्याचा पंजा मजबूत असतो. वस्ताद मातीच्या कडेला उभा राहून बहुतेक वेळ काहीच बोलत नाही. मल्लाचा पाय कुठे उशिरा पडतो ते तो पाहत असतो, आणि लढत सुटल्यावर त्यातली एखादीच गोष्ट सांगतो. दहा चुका दिसल्या तरी एकच सांगायची हा संयम तालमीने शाबूत ठेवला आहे. वर्गात तो क्वचित आढळतो.

या गोष्टी विद्वानांच्या आणि पैलवानांच्या झाल्या, असे कोणी म्हणेल. परंतु रोजची कल्पकता जिथे सर्वांत जास्त खर्च होते ते ठिकाण स्वयंपाकघर आहे, आणि लातूर-धाराशिवकडची वेळ अमावस्या, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली येळवस, हे त्याचे उत्तम क्षेत्र. मार्गशीर्षातल्या अमावस्येला शेतात कडब्याची कोप करून पांडवांची पूजा होते आणि मग आल्यागेल्या सर्वांना भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर वाढली जाते. भज्जी हा पदार्थ कोणत्याही पाककृतीच्या पुस्तकात नीट बसत नाही, कारण तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, त्या वर्षी शेतात जी असेल ती पालेभाजी, चिंचेचा कोळ आणि शेवटी लावलेले डाळीचे पीठ यांचे प्रमाण दर घरी आणि दर साली बदलते. पाऊस कमी झाला की दाणा कमी, मग पीठ जास्त, आणि मग चिंचही जपून. नवी सून पहिल्या वर्षी भज्जी करते तेव्हा तिला मिळणारे मार्गदर्शन ऐकण्यासारखे असते. "आत्या, पातळ झालं का हो?" असे तिने विचारले की जाणती सासू हातातला डाव काढून घेत नाही; ती विचारते, "पीठ कवा लावलंस? दाणे शिजले होते का?" सून आठवू लागते, दाणे अर्धे कच्चे असतानाच आपण घाई केली हे तिच्या ध्यानात येते, आणि पुढच्या वर्षी वाटाणा जास्त असेल तर थांबायचे किती हे ती स्वतः ठरवते. सगळ्या सासवा अशा नसतात, हे निराळे सांगायला नको. काही जणी पातेलेच आपल्या पुढ्यात ओढतात, आणि त्यांच्या सुनांना वीस वर्षांनीही भज्जी विचारूनच करावी लागते.

पत्र, तालीम आणि पातेले या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे मार्गदर्शक कामाच्या मध्येच येतो. काम सुरू होण्यापूर्वी दिलेला उपदेश आणि काम संपल्यावर दिलेला निकाल हे दोन्ही सोपे असतात, आणि दोहोंचा कल्पकतेला फारसा उपयोग नसतो. उपयोग होतो तो काम अडलेले असताना, करणाऱ्याच्या हातात अजून काही बदलण्याची सोय असताना. डोनाल्ड शॉन यांनी १९८० च्या दशकात वास्तुशास्त्राच्या स्टुडिओतील शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या संवादांचा अभ्यास करून असेच दाखवले की जाणता शिक्षक विद्यार्थ्याच्या अर्धवट आराखड्यावरच बोलतो, कधी स्वतः एक रेघ ओढून दाखवतो, आणि त्या रेघेमुळे काय बदलले ते विद्यार्थ्याला पाहू देतो. कृती करता करताच तिच्यावर विचार करण्याची ही क्षमता, शॉन यांच्या मते, कोणत्याही व्यवसायाचा गाभा आहे.

आता पुन्हा क्लासेसच्या गल्लीत आल्यास असे दिसते की या साऱ्याला तिथे मुळीच जागा नाही असे नाही. मोठ्या वर्गात दोन-तीनशे मुलांना शिकवून झाले की संध्याकाळी शंका विचारण्याची एक वेळ असते, जिला मुले डाउट सेशन म्हणतात. एक टेबल, त्यामागे बहुधा तरुण शिक्षक, आणि पुढे वह्या छातीशी धरून उभी राहिलेली रांग. समजा, एखाद्या मुलीने उतारावर वर ढकलल्या जाणाऱ्या ठोकळ्याचे गणित आणले आहे. तिने बलांची आकृती काढली आहे, गुरुत्वाचे दोन घटक बरोबर पाडले आहेत, पण घर्षणाचा बाण उताराच्या वरच्या बाजूला दाखवला आहे, आणि म्हणून दिलेल्या चार पर्यायांपैकी एकही जुळत नाही. "सर, उत्तरच येईना," एवढेच ती सांगते. शिक्षकाला चूक एका नजरेत दिसते, आणि बाण खोडून खाली काढला की शंका वीस सेकंदांत मिटते. मागची रांग पाहता तेच व्यवहार्य वाटते. पण त्याने "घर्षण वर का दाखवलंस?" असे विचारले आणि दोन क्षण थांबला, तर ती म्हणते, "उतारावर ते वरच असतंय ना, सर."

या उत्तरात तिची सारी बुद्धी आहे. तिने आजवर सोडवलेल्या गणितांत ठोकळे उतारावरून खाली घसरत होते, त्या सर्वांत घर्षण वरच्या दिशेने होते, आणि त्यावरून तिने आपल्या मनाने एक नियम बांधला. तो कोणी शिकवला नव्हता, पुस्तकात नव्हता, तो तिचा स्वतःचा होता. कॉफमन आणि बेगेटो ज्याला स्वतःपुरती नवी उमज म्हणतात ती हीच, फक्त अपुऱ्या उदाहरणांवर उभारलेली. बाण खोडल्याने गणित सुटते पण नियम तसाच राहतो, आणि पुढच्या चाचणीत तो पुन्हा आडवा येतो. नियम उघडा पडला की ठोकळा ज्या बाजूला सरकतो त्याच्या उलट बाजूला घर्षण, इतके तिला स्वतःच सांगता येते. शिवाय आपण नकळत नियम बांधतो आणि ते तपासावे लागतात, ही गोष्ट तिला कळते, जिचा नीटच्या अभ्यासक्रमात कुठेही उल्लेख नाही.

हे महत्त्वाचे का, याचे उत्तर आकड्यांत आहे. २०२५ च्या नीटला देशभरात बावीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या. याचा अर्थ लातूर-नांदेडच्या खोल्यांत दोन वर्षे काढणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुले डॉक्टर होणार नाहीत. ती परिचारिका, औषधविक्रेते, शिक्षक, शेतकरी, बँकेतले कर्मचारी होतील, काही याच क्लासेसमध्ये शिकवू लागतील. जीवशास्त्राची पाठ केलेली शेकडो नावे ती विसरून जातील. सोयाबीनला भाव नाही त्या वर्षी बांधावर काय लावावे, वॉर्डातल्या रुग्णाच्या नातेवाइकाला गोळ्यांच्या वेळा कशा समजावाव्यात, असल्या प्रश्नांवर ज्या शक्तीने विचार करावा लागतो ती शक्ती या दोन वर्षांत वाढली की आखडली, याचा हिशेब कोणत्याही निकालाच्या फलकावर येत नाही. पालकांनी तो मागायलाही हरकत नव्हती, पण फी भरताना ते सिलेक्शनचा आकडा विचारतात आणि त्यांना तोच सांगितला जातो.

अडचण पैशाची आणि माणसांची आहे हे मान्य केले पाहिजे. वर्गात शिकवणाऱ्या नामवंत शिक्षकाचे छायाचित्र जाहिरातीत येते, त्याच्या नावावर प्रवेश होतात. डाउट टेबलावर बसणारा मुलगा पुष्कळदा स्वतः दोन-तीन वर्षांपूर्वी याच परीक्षेला बसलेला असतो, त्याचा पगार बेताचा असतो आणि आपल्या कामाला तो तात्पुरती नोकरी समजतो. वास्तविक या कामासाठी तो नामवंतांपेक्षा अधिक योग्य असू शकतो, कारण आपण स्वतः असे चुकीचे नियम कसे बांधले होते याची आठवण त्याच्यात ताजी असते. फक्त चूक दिसली की लगेच दुरुस्त करण्याची सवय त्याला मोडावी लागेल, आणि ती सवय त्याला त्याच्याच शिक्षकांनी लावलेली आहे. कुरुंदकरांना घरातच नांदापूरकरांसारखा जाणता मामा मिळाला, काका पवारांना बिराजदार मिळाले. या तरुणाला मात्र असे पाहायला शिकवणारे कोणी नसते. बी.एड.च्या अभ्यासक्रमात त्याला पाठ घ्यायला शिकवतात, दुसऱ्याच्या वहीतला विचार वाचायला फारसे शिकवत नाहीत. त्याने एका मुलाला पाच मिनिटे दिली तरी दोन तासांत चोवीस मुले होतात, रांगेत त्याहून अधिक असतात. म्हणून वही उघडताच त्याला आधी हे ठरवावे लागते की या मुलाला उत्तर सांगून मोकळे करायचे, की त्याच्या अडलेल्या पायरीवर त्याच्याबरोबर थांबायचे, आणि हे ठरवण्याचा अधिकार क्लासने त्याला दिलेला असावा लागतो.